दुखतंय म्हणायला बंदी होती

रत्नमाला निकम यांना मी पहिल्याच भेटीत 'मावशी' म्हणाले आणि त्यांनी मला तिथल्या तिथं थांबवलं.

"मावशी नको. दवाखान्यात मावशी म्हणजे आया. त्यांचं काम काही हलकं नाही, पण ते माझं नाही. मी सिस्टर आहे. सव्वीस वर्षं लेबर रूममध्ये काढलीत."

हे सांगताना त्यांच्या काखेत जांभळ्या रंगाच्या सहा मॅट होत्या. जयपूरच्या सी-स्कीममधल्या त्या प्रसूती केंद्रात त्यांना याच कामाला ठेवलं होतं. मॅट अंथरायच्या, सुगंधी तेलाचा दिवा लावायचा, वर्ग संपला की गर्भवतींना नारळपाणी द्यायचं. केंद्राच्या माहितीपत्रकात मात्र त्यांचा पांढऱ्या कडक गणवेशातला फोटो होता आणि खाली छापलं होतं, 'अनुभवी परिचारिका सदैव आपल्यासोबत'. सोबत त्या होत्याच. फक्त त्यांना बोलायची परवानगी नव्हती.

केंद्राचं नाव वकिलांनी लिहू नको म्हणून सांगितलंय, म्हणून लिहीत नाही. नाहीतर मोठ्या अक्षरांत लिहिलं असतं.

निकम सिस्टर मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या, वडूजच्या. नर्सिंगचा कोर्स साताऱ्यात केला, लग्न फौजेतल्या पंढरीनाथ निकमांशी झालं आणि त्यांच्या पोस्टिंगबरोबर त्या जयपूरला आल्या. इथल्या एका मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली. तीन वर्षांनी निकमांची बदली जम्मूला झाली, तेव्हा त्या सामान बांधणार असं सगळे धरूनच चालले होते. "बदली त्यांची झाली होती, माझी कुणी केली नव्हती," असं त्या आजही सांगतात. त्या इथंच राहिल्या. चाकसू-फागीकडच्या खेड्यांतून घुंघट घेऊन येणाऱ्या बायकांची बोली शिकल्या, त्यांची बाळंतपणं केली. निवृत्तीनंतर घरात बसवेना म्हणून या केंद्रात आल्या. आपल्या अनुभवाचा इथं उपयोग होईल असं त्यांना खरंच वाटलं होतं.

मी मिताली. माहेर नाशिकचं, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये. नवरा गौरांग आणि मी राजा पार्कमध्ये भाड्यानं राहतो. पहिल्या खेपेला माझं दहाव्या आठवड्यात पडून गेलं होतं. त्यामुळे दुसऱ्या खेपेला मी सतत घाबरलेली असायची. जिना उतरताना घाबरायची, शिंक आली तरी पोट धरायची. ऑफिसातल्या एकीनं या वर्गाचं नाव सांगितलं आणि मी गेले.

खोटं का बोलू, सुरुवातीला मला फार बरं वाटलं. वर्ग घेणाऱ्या वंशिका मॅडमचा आवाज मऊ होता. डोळे मिटून आम्ही त्यांच्यामागून हिंदीत म्हणायचो, 'माझं शरीर सगळं जाणतं', 'माझं बाळ सुरक्षित आहे', 'मी तयार आहे'. कित्येक महिन्यांनी मला शांत झोप लागली. हे श्रेय मी काढून घेत नाही. घाबरलेल्या बाईला कुणी चार धीराचे शब्द दिले तर ती सावरते.

पण पुढं त्या शब्दांचे नियम झाले. 'दुखतंय' म्हणायचं नाही, 'जाणवतंय' म्हणायचं. कळा म्हणायचं नाही, लाटा म्हणायचं. 'ऑपरेशन' हा शब्द वर्गात उच्चारला की सगळ्यांनी मिळून तीन खोल श्वास घ्यायचे, हवा शुद्ध व्हावी म्हणून. रक्तदाब मोजायचं यंत्रही कपाटात बंद करून ठेवलं होतं, कारण आकडे बघून मातेच्या मनात शंका येते. केंद्र बायकांच्या बाळंतपणाचं आणि यंत्र कपाटात! मला तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही, म्हणून मला आजही स्वतःचाच राग येतो.

माझ्या आठव्या महिन्यात वंशिका मॅडमनी आम्हाला 'भीतीचा उपवास' करायला लावला. एकवीस दिवस. गूगल करायचं नाही, कुणाचे बाळंतपणाचे वाईट अनुभव ऐकायचे नाहीत, अगदीच गरज नसेल तर तपासण्याही पुढं ढकलायच्या. माझ्या डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं, "प्रेशर जरा वरच्या बाजूला आहे, आठ दिवसांनी या." मी मॅडमना विचारलं. त्या हसल्या.

"मिताली, आठ दिवस तू त्या आकड्याचाच विचार करत बसशील. जे मनात धरशील तेच वाढेल. उपवास पूर्ण कर, मग जा."

मी गेले नाही.

त्याच दिवसांत आईचा नाशिकहून फोन आला. आई तशी कमी बोलणारी. तिचं नाव सुधा. शाळेत नोकरी केली, घर सांभाळलं, स्वतःच्या दुखण्याखुपण्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "मितू, तुला एक सांगायचंय. तुझ्या आधी मला एक..."

"आई, प्लीज," मी तिला तोडलं. "निगेटिव्ह असेल तर आत्ता नको. माझा उपवास चालू आहे."

"बरं," आई म्हणाली. मग विचारलं, "जेवलीस का?"

तिला काय सांगायचं होतं ते मला दवाखान्यात कळलं. माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता. आठव्या महिन्यात तिचं प्रेशर चढलं, झटके आले. ती वाचली, मूल राहिलं नाही. आईला किंवा बहिणीला हे झालं असेल तर आपल्यालाही धोका जास्त असतो. डॉक्टरला कळायलाच हवी अशी ती गोष्ट होती, आणि ती मी नकारात्मक म्हणून आईच्या तोंडातच अडवली.

उपवासाच्या बाराव्या दिवशी माझं डोकं दुखायला लागलं. तेराव्या दिवशी बोटातली अंगठी निघेना. डोळ्यांपुढं मधूनच चांदण्यांसारखे ठिपके यायचे. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात मी भीत भीत लिहिलं, 'कालपासून डोकं दुखतंय आणि चेहऱ्यावर सूज आहे. अजून कुणाला असं होतंय का?' दोन मिनिटांत तो मेसेज गटातून काढून टाकलेला दिसला. खाली वंशिका मॅडमचं वाक्य आलं, 'आपण सर्वांनी ही जागा सकारात्मक ठेवूया', आणि पुढं कमळाचं चित्र.

मला लाज वाटली. एवढा साधा नियम मला पाळता येत नाही, असं वाटलं. चौतीस आठवड्यांची गर्भवती, डोकं फुटायला आलेलं, आणि लाज मला वाटत होती!

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. गौरांगला सकाळी ऑफिसचं काम निघालं होतं, म्हणून मी ऑटोनं एकटीच वर्गाला गेले. सिस्टर दारातच नारळपाण्याच्या ग्लासांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. माझ्याकडं बघितल्याबरोबर त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"हे तोंड कधीपासून सुजलंय?"

"काही नाही सिस्टर, झोप कमी..."

"मी झोपेचं विचारलं नाही. डोकं दुखतंय?"

मी इकडं तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "जाणवतंय."

"जाणवतंय म्हणजे काय? दुखतंय का नाही ते बोल!"

"दुखतंय," मी म्हणाले आणि मला एकदम रडूच फुटलं.

त्यांनी मला दंडाला धरून पँट्रीत नेलं, स्टुलावर बसवलं. स्वतःच्या पर्समधून त्यांनी रक्तदाबाचं यंत्र काढलं. केंद्राचं कपाटात असलं तरी त्या आपलं घेऊन यायच्या. पट्टा गुंडाळला, आकडा बघितला, पुन्हा एकदा मोजलं. एकशे बहात्तर आणि एकशे चौदा.

"पोटात इथं वर, उजवीकडं दुखतं?" त्यांनी बोट ठेवून विचारलं.

"हो. मला ॲसिडिटी वाटली."

तेवढ्यात वंशिका मॅडम दारात आल्या. यंत्र बघून त्यांचा चेहरा बदलला, आवाज मात्र तसाच मऊ राहिला. "सिस्टर, आपलं काय ठरलंय? तुम्ही तिला घाबरवताय. भीतीनंच प्रेशर वाढतं. मिताली, चल, दहा मिनिटं श्वासाचा सराव करू, सगळं खाली येईल."

"दहा मिनिटं नाहीत," सिस्टर म्हणाल्या.

"हे वातावरण तुम्ही बिघडवताय."

"मॅडम, हिला आत्ता झटका आला ना, तर तुमचं वातावरण हिची जीभ चावली जाण्यापासून वाचवणार नाही. बाजूला व्हा."

"तुम्ही इथं नोकरी करता, हे लक्षात ठेवा."

"ठेवलंय," सिस्टर म्हणाल्या. "व्हा बाजूला."

आणि मी काय केलं? मी म्हणाले, "सिस्टर, दहा मिनिटं करून बघूया का?" इतकं माझं डोकं त्या शब्दांनी भारून टाकलेलं होतं. सिस्टरनी माझी पर्स खांद्याला अडकवली, मला धरून रस्त्यावर आणलं आणि समोरून येणाऱ्या ऑटोला हात केला.

"भैया, दवाखाना. आणि खड्डे बघून चालवा."

ऑटोत त्यांनी आधी आपल्या जुन्या दवाखान्यात फोन करून सांगितलं, मग गौरांगला लावला. मी डोळे मिटून पुटपुटत होते, 'माझं शरीर सगळं जाणतं, माझं शरीर सगळं जाणतं.'

"हो, जाणतं," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. "ते तीन दिवस बोंबलून सांगतंय. ऐकत कुणी नव्हतं."

"माझ्या विचारांमुळं झालं का हो हे?"

यावर त्या इतक्या संतापल्या की ऑटोवाल्यानं आरशातून मागं बघितलं. "कुणी सांगितलं तुला? विचारांनी प्रेशर एकशे बहात्तर होत नसतं, पोरी! हा आजार आहे. त्याला नाव आहे, औषध आहे. तुझा काडीचा दोष नाही. आता पुन्हा असं बोललीस तर बघ."

दवाखान्याच्या दारात मला चाकाच्या खुर्चीत बसवलेलं आठवतं. पुढचं आठवत नाही. खाटेवर घेताच मला झटका आला, हे मला नंतर गौरांगनं सांगितलं. तो धावत पोचला तेव्हा सिस्टर मला कुशीवर धरून उभ्या होत्या आणि तिथल्या डॉक्टर, नर्स सगळ्या तयार होत्या. झटके थांबवायची इंजेक्शनं दिली, प्रेशर आटोक्यात आणलं, आणि दुपारी माझं सिझेरियन झालं. मुलगी झाली. एक किलो आठशे ग्रॅम. रडली, पण बारीक आवाजात. सतरा दिवस ती काचेच्या पेटीत होती.

दुसऱ्या दिवशी आई विमानानं आली. माझ्या खाटेशी बसून तिनं मला पहिल्यांदा माझ्या भावाबद्दल सांगितलं. नाव ठेवायच्या आधीच गेला तो. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आईच माझी समजूत घालत होती. सिस्टर बाजूला उभ्या होत्या.

"हे तुम्ही हिला आधी का नाही सांगितलंत?" त्यांनी आईला विचारलं.

मीच म्हणाले, "मी सांगू दिलं नाही."

मी आईला कुणाच्या शिकवणीमुळं अडवलं, हे सिस्टरना लगेच समजलं. त्यांच्या चेहऱ्यावर जो राग आला, तो माझ्यावरचा नव्हता.

चौथ्या दिवशी मी फोन हातात घेतला. गटात वंशिका मॅडमनी सगळ्यांसाठी लिहिलं होतं, 'आपल्यातल्या एका मातेनं विश्वासाऐवजी भीतीची निवड केली. तिला प्रकाश पाठवूया. आपण आपल्या मार्गावर ठाम राहू.' खाली नऊ जणींनी हात जोडले होते.

मी ते वाचलं आणि पेटीतल्या मुलीला बघायला गेले. तिच्या पायाला सुई लावलेली, नाकात नळी. मी भीती निवडली? मी त्या बाईच्या शब्दावर विश्वास ठेवला म्हणून माझी मुलगी इथं होती! तरी आतून एक आवाज म्हणतच होता की तू नापास झालीस, तुला नैसर्गिक जमलं नाही. इतकं खोलवर गेलं होतं ते सगळं.

मी मेसेज सिस्टरना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, फोन परत दिला आणि एवढंच सांगितलं, "शनिवारी वर्ग आहे."

त्या शनिवारी काय झालं ते मला अनुश्रीनं सांगितलं. ती पुण्याची, नवरा इथल्या छावणीत कॅप्टन, आणि त्या वेळी तिला सातवा महिना होता. वर्ग सुरू होता, दहा जणी डोळे मिटून बसल्या होत्या. सिस्टर आत आल्या आणि मधोमध उभ्या राहिल्या.

"डोळे उघडा," त्या हिंदीत म्हणाल्या. "तुमच्यातली एक मरता मरता वाचली. तिनं भीती निवडली नव्हती. तिला आजार झाला होता आणि तिनं या गटात तो सांगितला होता. तिचा मेसेज कुणी पुसला?"

वंशिका मॅडमनी बासरीच्या संगीताचा आवाज वाढवला. सिस्टरनी आपला आवाज त्याहून वाढवला.

"मीपण बायकांशी चांगलं बोलते. सव्वीस वर्षं बोलले. 'होतंय बाई, नीट होतंय, अजून थोडं,' असं म्हणते. पण हात लावून, ठोके ऐकून, बघून म्हणते. नीट होत नसेल तर तोंडानं नीट म्हणत बसत नाही, डॉक्टरला हाक मारते. इथं तुम्हाला न बघता कुणी सांगतंय की सगळं नीट आहे. मला सांगा, पायाला सूज कुणाकुणाच्या आहे? डोकं कुणाचं दुखतं? दुखतं म्हणा, लाजू नका."

आधी अनुश्रीनं हात वर केला. मग आणखी तिघींनी. सिस्टर मॅटवर बसल्या, पर्स उघडली आणि तिथंच एकेकीचं प्रेशर मोजायला लागल्या. एकीचं बरंच वाढलेलं निघालं. तिला त्याच दिवशी दवाखान्यात भरती केलं. ती आणि तिचं बाळ दोघंही सुखरूप आहेत.

सिस्टरची नोकरी अर्थातच गेली. "वातावरणाशी जुळवून घेता येत नाही," असं कारण लिहून दिलं. तो कागद त्यांनी पंढरीनाथ काकांना मोठ्यानं वाचून दाखवला. काका म्हणाले, "हे तर मी तीस वर्षं सांगतोय." त्यावर त्या हसल्या, पण थोड्याच.

मी आरोग्य खात्याकडं लेखी तक्रार केली. त्यांनी नेमलेल्या समितीपुढच्या सुनावणीला मी आणि सिस्टर गेलो. केंद्राच्या मालकांनी मी सही केलेला एक कागद पुढं ठेवला, 'माझ्या प्रसूतीच्या अनुभवाची जबाबदारी मी स्वतः घेते'. दहा पानांच्या फॉर्ममधली ती एक ओळ. समितीतल्या एका गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघत विचारलं, "मॅडम, आप तो पढ़ी-लिखी हैं. ऐसी बातों में कैसे आ गईं?"

सिस्टर उठून उभ्या राहिल्या आणि हिंदीतच म्हणाल्या,

"साहेब, शिकलेली आहे म्हणूनच तिनं नियम नीट पाळले. एक मूल आधीच गेलं होतं तिचं. घाबरलेल्या बाईला यांनी दारात सांगितलं की भीती आत आणायची नाही. मग तिनं आजार कुठं ठेवायचा? प्रश्न तिला विचारता तसा यांनाही विचारा की. कपाटाची किल्ली कुणाकडं होती?"

किल्ली कुणाकडं होती, हे समितीनं विचारलं. कुणीच धड उत्तर दिलं नाही.

पाच महिन्यांनी निकाल आला. केंद्रानं प्रत्येक वर्गाआधी प्रत्येकीचं प्रेशर मोजून लिहून ठेवायचं, कुणीही त्रास सांगितला तर त्याच दिवशी डॉक्टरला कळवायचं, आणि तपासण्या टाळा असं कुणाला सांगायचं नाही. एवढंच. वंशिका मॅडमना समज दिली म्हणे. त्या आता ऑनलाइन वर्ग घेतात आणि तिथं पूर्वीपेक्षा दसपट बायका आहेत. परवा त्यांचा एक व्हिडिओ माझ्यासमोर आला. 'तुमच्या शरीरावर शंका घेणाऱ्या लोकांपासून दूर राहा,' असं त्या त्याच मऊ आवाजात सांगत होत्या. खाली हजारो बदाम. मी फोन पलंगावर आपटला.

गौरांग म्हणतो, "आता सोड ना, मतलब, दोघी सुखरूप आहात." दोघी सुखरूप आहोत ते एका बाईनं नोकरीची पर्वा केली नाही म्हणून. ती बाई त्या दिवशी रजेवर असती तर? हा 'तर' नकारात्मक आहे, मला माहीत आहे. तो मी आता मुद्दाम मनात आणते.

निकम सिस्टर सध्या सांगानेरमधल्या एका धर्मादाय दवाखान्यात आठवड्यातून तीन दिवस जातात. मागच्या मंगळवारी मी मुलीला घेऊन त्यांना भेटायला गेले, तेव्हा समोर एक अगदी तरुण मुलगी बसली होती, सासूबरोबर आलेली. सिस्टर तिला तिच्याच बोलीत विचारत होत्या, "काय होतंय?" सासूनं उत्तर दिलं, "कुछ नहीं, सब ठीक है." सिस्टरनी सासूला हातानं गप्प केलं.

"मी हिला विचारलंय. बोल बाळा. कुठं दुखतंय?"

मुलीनं सासूकडं बघितलं, मग सिस्टरकडं, आणि घुंघट मागं सारून बोलायला लागली.